शहराच्या बांधकाम विभागाला माणसं किती लागतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्ते, गटारं, पदपथ, पूल आणि सार्वजनिक इमारती सांभाळणाऱ्या विभागांतून मनुष्यबळाबद्दल जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे कधी अभियंते असतात, कधी आस्थापना शाखेतले लिपिक, कधी मुकादम, तर कधी निवडून आलेले सदस्य. भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. उदाहरणांतले आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या शहराचे आकडे तुमच्याच नोंदींतून काढावे लागतील.

१. मनुष्यबळाचा आढावा म्हणजे शेवटी माणसं कमी करण्याचाच कार्यक्रम ना?

नाही. आणि तसा समज पसरला तर आढावा पहिल्याच आठवड्यात फसतो, कारण मग खरी नोंद कोणीच देत नाही. शोधायच्या गोष्टी तीन: वर्षभरात काम किती आहे, एका कामाला किती वेळ आणि किती हात लागतात, आणि एक माणूस वर्षात कामासाठी किती तास मिळतो. या तिन्हींतून गरजेचा आकडा निघतो. तो आजच्या संख्येपेक्षा जास्तही येतो, कमीही येतो. पुष्कळदा एका शाखेत जास्त आणि शेजारच्या शाखेत कमी असा येतो. गरजेपेक्षा माणसं जास्त निघाली तर काय करायचं, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

२. हजार लोकसंख्येमागे किती कर्मचारी असावेत, तेवढा एक आकडा सांगा.

सगळ्यांत जास्त मागणी याच आकड्याला आहे, आणि तोच देता येत नाही. सारख्या लोकसंख्येची दोन शहरं घ्या. एकात रस्ते जुने, जमीन भुसभुशीत, पाऊस जोराचा आणि दुरुस्ती विभाग स्वतः करतो. दुसऱ्यात रस्ते नवे, जमीन कठीण आणि दुरुस्ती कंत्राटदाराकडे. दोघांना एकच प्रमाण लावलं तर एकावर अन्याय होतो आणि दुसऱ्याचे लाड.

रस्त्याची लांबी, गटारांची लांबी, चेंबरची संख्या, इमारतींचं क्षेत्रफळ ही मापं लोकसंख्येपेक्षा बरी, कारण काम त्यांच्यावर होतं. दुसऱ्या शहराशी तुलना जरूर करा, पण ती प्रश्न विचारण्यापुरती. ‘त्यांच्याकडे गटारांच्या किलोमीटरमागे माणसं निम्मी कशी?’ हा प्रश्न चांगला आहे. त्यावरून थेट पदं कापणं किंवा मागणं चुकीचं.

३. मंजूर पदं २००, भरलेली १४०. म्हणजे आम्हाला ६० माणसं कमी आहेत, हे उघड नाही का?

उघड नाही. मंजूर पदांचा आकडा कधीतरी कोणीतरी ठरवला होता. त्या वेळचं शहर, यंत्रं आणि कामाची पद्धत वेगळी होती. आज गरज १६० असेल, २३०ही असेल. खडी आणि डांबर हाताने पसरण्याच्या काळातली पदं आकृतिबंधात (मंजूर पदांच्या आराखड्यात) अजून दिसतात, आणि जीआयएस म्हणजे संगणकावरचे नकाशे सांभाळणाऱ्या माणसाचं पदच नसतं.

पदसंख्या कामाशी न बांधता वाढू शकते, याचा जुना दाखला ब्रिटिश इतिहासकार सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली दिला. १९१४ ते १९२८ या काळात ब्रिटिश नौदलाच्या मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या, आणि नौदल मुख्यालयातले अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले. मात्र उलटही तितकंच घडतं: रस्ते दुप्पट होतात आणि गँग, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मजुरांच्या टोळ्या, तेवढ्याच राहतात. म्हणून रिक्त पदांची यादी बाजूला ठेवा आणि कामापासून सुरुवात करा.

४. आमच्याकडे मालमत्तेची धड यादीच नाही. मग सुरुवात कुठून करायची?

एका कामापासून आणि एका प्रभागापासून. अख्ख्या विभागाचा आढावा एकदम घ्यायला गेलं की पहिलं वर्ष तक्ते भरण्यात जातं आणि हातात काही पडत नाही. खड्डे दुरुस्ती किंवा गटार सफाई यांपैकी एक निवडा. त्या प्रभागात चालत फिरून चेंबर, जाळ्या, रस्त्याची लांबी-रुंदी यांची नोंद करा. फिरताना मुकादमाला सोबत घ्याच. कुठली जाळी दर पावसात तुंबते आणि कुठलं चेंबर डांबराखाली गाडलं गेलंय, हे त्याला तोंडपाठ असतं आणि कुठल्याही नकाशावर नसतं.

५. एका कामाला किती वेळ लागतो, हे ठरवायचं कसं? घड्याळ घेऊन कोणाच्या मागे उभं राहायचं का?

घड्याळाची पद्धत एकसारख्या, पुन्हा पुन्हा होणाऱ्या कामांना ठीक आहे. रस्त्यावरचं काम तसं नसतं. तिथे तीन मार्ग चालतात.

पहिला, जुन्या नोंदी: कामाच्या डायऱ्या, गाड्यांची लॉगबुकं, साहित्याच्या पावत्या. दुसरा, अनुभवी माणसांचा अंदाज. ‘सगळं जुळून आलं तर किती, नेहमी किती, सगळं बिघडलं तर किती’ असे तीन आकडे विचारा. नेहमीच्या आकड्याला चौपट वजन देऊन तिघांची बेरीज करा आणि सहाने भागा. नेहमी ४ तास, चांगल्या दिवशी ३, वाईट दिवशी ११ असेल तर उत्तर ५ तास येतं. नियोजन चारवर केलं तर दर आठवड्याला काम मागे पडत जाईल.

तिसरा मार्ग मला सगळ्यांत उपयोगी वाटतो: अचानक वेळा निवडून, त्या क्षणी गँग काय करते आहे एवढंच टिपायचं. काम, प्रवास, साहित्याची वाट, गाडीची वाट, वाहतूक सांभाळणं, विश्रांती. ही पद्धत ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एल. एच. सी. टिपेट यांनी १९३०च्या दशकात कापड गिरण्यांत वापरली. सुमारे ४०० नोंदी घेतल्या की टक्केवारी पाच टक्के इकडेतिकडे इतकी विश्वासार्ह होते. दोन पथ्यं पाळा. कागदावर माणसाचं नाव लिहू नका, आणि गँगला आधी सांगून मग नोंदी घ्या.

६. वर्षाचे ३६५ दिवस पगार देतो, मग माणूस कामाला किती दिवस मिळतो?

हा हिशेब बहुतेक प्रस्तावांत चुकलेला सापडतो, म्हणून सविस्तर सांगतो. समजा आठवड्याला एक सुट्टी, म्हणजे ५२ दिवस. सार्वजनिक सुट्ट्या १२, रजा २४, आजारपण ६, प्रशिक्षण ४. उरले २६७ दिवस. दिवस आठ तासांचा असला तरी हजेरी, अवजारं घेणं-ठेवणं, कपडे बदलणं यात तासभर जातो. म्हणजे २६७ गुणिले ७, अर्थात वर्षाला १,८६९ तास. गरज काढताना भागाकार या आकड्याने करायचा.

पंपगृहासारख्या चोवीस तास माणूस लागणाऱ्या जागी चूक आणखी महाग पडते. ‘तीन पाळ्या, म्हणजे तीन माणसं’ असं लिहिलं जातं. प्रत्यक्षात वर्षाचे तास ८,७६० आणि एका माणसाच्या ड्यूटीचे तास २६७ गुणिले ८, म्हणजे २,१३६. भागाकार ४.१ येतो. आठवड्याला दोन सुट्ट्या असतील तर एका खुर्चीला पाचाहून जास्त माणसं लागतात. तीनच दिली की सुट्टीच्या दिवशी पाळी रिकामी राहते किंवा कोणीतरी सलग दोन पाळ्या करतो, आणि ते पुढे ओव्हरटाइमच्या बिलात दिसतं (प्रश्न १०).

७. एखादं काम धरून सगळा हिशेब करून दाखवाल का?

खड्डे दुरुस्ती घेऊ. वर्षाला ४,२०० खड्डे, एक गँग दिवसाला १२ नीट बुजवते, तर ३५० गँग-दिवस लागतात. गँग वर्षाला २६७ दिवस मिळते. भागाकार १.३१. बरेच जण इथे थांबतात आणि ‘दीड गँग पुरे’ असं लिहून देतात.

पण खड्डे वर्षभर सारखे पडत नाहीत. त्यांतले ६० टक्के चार महिन्यांत येतात असं धरा. त्या चार महिन्यांत २१० गँग-दिवसांचं काम आणि एका गँगचे उपलब्ध दिवस ८९. गरज २.३६ गँग, म्हणजे तीन. उरलेल्या आठ महिन्यांत १४० गँग-दिवस आणि उपलब्ध १७८, म्हणजे एका गँगलाही पूर्ण काम नाही. सरासरीवर नेमणूक केली तर पावसाळ्यात लोक शिव्या देणार आणि उन्हाळ्यात लेखापरीक्षक आक्षेप घेणार.

मग तीन गँग कायम ठेवायच्या का? माझं मत असं: एक गँग याच कामाची, दुसरी पदपथ-कठड्यांच्या कामाची पण खड्ड्यांचं प्रशिक्षण घेतलेली, आणि तिसरीपुरतं काम हंगामी कंत्राटात. गटार सफाईच्या गँगवर भिस्त ठेवू नका. पाऊस सुरू झाला की त्यांचीही तारांबळ त्याच दिवसांत असते.

आणि ‘नीट बुजवते’ हे शब्द सोडू नका. सैल कडा चौकोनी कापणं, धूळ-पाणी काढणं, तळाला आणि कडांना डांबराचा हात मारणं, मिश्रण भरणं आणि दाबणं, या सगळ्यासह १२. नुसतं ओतून फावडं आपटलं तर तीच गँग तीस खड्डे करील, आणि त्यांतले अनेक पुढच्या महिन्यात पुन्हा यादीत येतील.

८. गँगमध्ये पाच माणसं, काम दोघंच करतात, तिघं उभी. नागरिक फोटो काढून पाठवतात. काय उत्तर द्यायचं?

आधी ती तिघं का उभी आहेत ते बघा. एक जण झेंडी घेऊन वाहनं थांबवत असेल, तर तो काम करतोय. त्याला हटवलं तर अपघात होईल. चेंबरचं काम असेल तर बाहेर लक्ष ठेवणारा माणूस हवाच. ती जागा कुठल्याही काटकसरीत कापायची नाही, यावर चर्चाही करू नये.

उरलेली दोघं बहुधा कशाची तरी वाट पाहत असतात. प्रश्न ५ मधल्या नोंदी घेतल्या की चित्र साफ होतं. सकाळी हजेरी वेळेवर लागते, पण गाडीला डिझेलची चिठ्ठी मिळायला सही हवी आणि सही करणारे बैठकीत असतात. गाडी डांबर-मिश्रणाच्या प्लांटवर जाते, तिथे रांग असते. गरम मिश्रण जागेवर येईपर्यंत वाहतुकीत अडकतं. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ते दाबलं जात नाही, म्हणून उरलेलं टाकून द्यावं लागतं. आठ तासांच्या ड्यूटीत अवजार हातात असलेला वेळ तीन तासांवर आला, तर त्याला आळस म्हणणं हा त्या माणसांवर अन्याय आहे. चिठ्ठी आदल्या संध्याकाळी काढली, थोड्या कामाला थंड मिश्रणाची (गरम न करता वापरायच्या मिश्रणाची) पोती डेपोत ठेवली आणि लागून असलेल्या गल्ल्यांचे खड्डे एकाच फेरीत घेतले, तर एकही माणूस न वाढवता दिवसाचं काम वाढतं.

गँगच्या वर किती माणसं आहेत, तेही मोजा. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात महापौर स्टीफन गोल्डस्मिथ यांनी खड्डे बुजवण्याच्या कामासाठी खासगी कंपन्यांबरोबर शहराच्या कामगारांनाही बोली लावायला सांगितलं. प्रत्येक कामाचा पूर्ण खर्च आधी काढला गेला. तो पाहून कामगार संघटनेनेच दाखवलं, की आमच्या दरावर पर्यवेक्षकांचं ओझं फार आहे. पर्यवेक्षक कमी झाले, गँगची रचना बदलली, आणि ती बोली कामगारांनी जिंकली.

९. आपत्कालीन पथक दिवसातला बराच वेळ बसून असतं. त्यांना दुसरी कामं देऊन शंभर टक्के व्यस्त ठेवायचं का?

अजिबात नाही. फुटलेली वाहिनी, पडलेलं झाड, खचलेला रस्ता ठरवून येत नाहीत. एकच पथक आणि अवेळी येणारी कामं असतील, तर पथक ५० टक्के व्यस्त असताना नव्या कामाला सरासरी एका कामाइतकी वाट पाहावी लागते. ८० टक्क्यांवर चार कामांइतकी, ९० टक्क्यांवर नऊ. शेवटच्या दहा टक्क्यांच्या हव्यासापायी रांग दुपटीहून जास्त वाढते.

मोकळ्या वेळात हातची कामं द्यावीत: जाळ्यांची पाहणी, अवजारांची देखभाल, खांबांवरचे क्रमांक रंगवणं. अट एकच, फोन आला की पाच मिनिटांत ती सोडून निघता आलं पाहिजे.

१०. ओव्हरटाइमचं बिल फुगलंय. म्हणजे माणसं कमी आहेत, असं म्हणता येईल?

ओव्हरटाइम कोणाला, कोणत्या दिवशी आणि कोणत्या कामासाठी, हे पाहिल्याशिवाय नाही. सगळ्या गँगना वर्षभर थोडा थोडा असेल तर माणसं कमी असण्याची शक्यता मोठी. चार महिन्यांतच असेल तर प्रश्न हंगामाचा (प्रश्न ७). मूठभर नावांनाच असेल तर प्रश्न वाटपाचा किंवा कौशल्याचा, जसं यंत्र चालवता येणारे दोघंच. रविवारीच असेल तर सुट्ट्यांच्या रचनेचा.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात २००० साली सिटीस्टॅट ही विभागांचे आकडे नियमित तपासण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा सुरुवातीलाच गैरहजेरी आणि ओव्हरटाइम शेजारी शेजारी ठेवून पाहिले गेले. विभागप्रमुखांना दर दोन आठवड्यांनी महापौरांच्या चमूसमोर त्या आकड्यांचं उत्तर द्यावं लागे. हे दोन आकडे एकाच कागदावर आणायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

११. तक्रार ठरलेल्या तासांत बंद झाली, हे कार्यक्षमतेचं माप म्हणून चालेल?

एकट्याने चालणार नाही. तक्रार बंद करणं आणि खड्डा बंद करणं यात फरक असतो, हे रस्त्याकडेला राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. वेळेसोबत दोन मापं ठेवा: त्याच जागेची तक्रार तीन महिन्यांत पुन्हा आली का, आणि रस्त्याची एकूण अवस्था सुधारते की ढासळते. अवस्थेसाठी अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने तयार केलेला शून्य ते १०० गुणांचा पृष्ठभाग निर्देशांक अनेक देशांत वापरतात. भेगा, खचणं, सोलवटणं पाहून तो काढतात. तक्रारी झपाट्याने बंद होत आहेत आणि निर्देशांक वर्षागणिक खाली येतोय, तर विभाग फक्त मलमपट्टी करतोय.

१२. अभियंते आणि कार्यालयातल्या माणसांचं काम कसं मोजणार? खड्ड्यांसारखं ते मोजता येत नाही.

टप्प्यांत मोजा. पाहणी, अंदाजपत्रक, निविदा, जागेवरची तपासणी, मोजमाप, देयक, हमी काळातली पाहणी. प्रत्येक टप्प्याला लहान, मध्यम, मोठ्या कामासाठी किती तास जातात हे सात-आठ अभियंत्यांना विचारा आणि चालू कामांच्या यादीवर लावा. कामाच्या रकमेवरून माणसं ठरवू नका. एका मोठ्या काँक्रीट रस्त्यापेक्षा पन्नास छोटी पदपथाची कामं अभियंत्याला जास्त पळवतात.

तक्रारींची उत्तरं, माहिती मागणारे अर्ज, न्यायालयीन प्रकरणं, बैठका यांचे तास वेगळे लिहा. ते हिशेबात नसतात, म्हणून तपासणीच्या वेळेतून चोरले जातात. मग काँक्रीट ओतताना जागेवर विभागाचं कोणीच नसतं.

कंत्राट दिल्याने माणसं घटतात का, असंही विचारतात. हात कमी लागतात, डोळे जास्त. तपासणाऱ्यांची संख्या कंत्राटासोबत वाढवली नाही, तर वाचलेला पगार निकृष्ट कामात जातो. तुलना करताना खरोखर वाचणारा खर्चच धरा. डेपोचं भाडं आणि मुख्यालयाचा वाटा कंत्राट दिल्यावरही तसाच राहतो.

१३. आढाव्यात माणसं जास्त निघाली तर? संघटना आत्ताच विरोधाच्या पवित्र्यात आहे.

सुरुवात करण्याआधी लेखी सांगा, की या आढाव्यावरून कोणाची नोकरी जाणार नाही. फरक बदली, प्रशिक्षण आणि निवृत्तीनंतर पद न भरणं यातून भरून काढला जाईल. आणि ते पाळा. संघटनेचा प्रतिनिधी नोंदी घेणाऱ्या चमूत असू द्या. निष्कर्ष जाहीर करण्याआधी प्रत्येक गँगला तिचे आकडे दाखवा. चुका तिथेच पकडल्या जातात, कारण कुठल्या दिवशी गाडी बंद होती हे त्यांनाच आठवतं.

१४. आजारपणामुळे हलकं काम दिलेले कर्मचारी कसे मोजायचे?

पदांच्या संख्येत पूर्ण, गँगच्या क्षमतेत त्यांना जेवढं जमतं तेवढं. आयुष्यभर डांबराच्या वाफेत आणि गटारात काम केलेल्या माणसाची पाठ गेली, तर तो आकड्यातला दोष नाही. पाच जणांच्या गँगमध्ये असे दोघं असतील तर ती गँग साडेतीन माणसांची म्हणून काम ठरवा, नाहीतर उरलेल्या तिघांची पाठही जाईल. हजेरी, भांडार, पाहणीच्या नोंदी, नव्या मुलांना शिकवणं ही त्यांच्या जोगी खरी कामं आहेत.

१५. पूर, वादळ यांसाठी जास्तीची माणसं कायम ठेवायची का?

दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या दिवसासाठी कायम नेमणूक कोणत्याच शहराला झेपत नाही. दुसऱ्या विभागांतून कोण येणार, शेजारच्या शहराशी मदतीचा करार, यंत्रांचे आधी ठरवलेले दर, हे कागदावर तयार हवं. मात्र दर पावसाळ्यात होणारी धावपळ ही आपत्ती नव्हे. ती प्रश्न ७ च्या हंगामी हिशेबात धरा.

१६. आमच्या हजेरीपटावरची काही माणसं प्रत्यक्षात दुसऱ्याच कार्यालयात काम करतात. त्यांना मोजायचं की नाही?

पगार कुठून निघतो आणि हात कुठे राबतात, असे दोन वेगळे रकाने करा. चालक साहेबांच्या गाडीवर, मजूर दुसऱ्या कार्यालयात शिपाई, मुकादम निवडणुकीच्या कामावर: अशी नावं एकत्र लिहिली की पंचवीस जणांची शाखा कधी कधी एकोणीसचीच निघते. गरजेच्या हिशेबात फक्त हात राबणारे धरा. पण यादी तिथेच सोडू नका. प्रत्येक नावापुढे कोणाच्या आदेशाने, कधीपासून आणि कधीपर्यंत, हे लिहून संबंधित विभागाला पाठवा. आदेशच सापडला नाही, तर नव्या पदांची मागणी करण्याआधी तो माणूस परत मागा.